पन्नास मिलीची सिरिंज

सोलापूर, रविवार दुपार

बाळा,

तुझा हुक्का ओढतानाचा फोटो बघितला. स्टेटसला टाकलास म्हणजे लोकांनी बघावा म्हणूनच टाकलास, तेव्हा "मामा, तुम्ही कशाला बघितलं" असं म्हणायचं नाही. फोनवर विचारलं तर हसलास आणि म्हणालास, "सिगारेट थोडीच आहे मामा! पाण्यातून येतंय ते." तेवढ्यात एक यंत्रमागवाला जळलेली मोटर घेऊन दारात उभा राहिला आणि आपलं बोलणं तुटलं. ते तुटल्यापासून डोक्यात घोळतंय, म्हणून वहीच्या पानावर लिहितोय. फोनवर एवढं टाइप करणं या वार्निश लागलेल्या बोटांना जमत नाही. पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर तुला वाचता येतं, दोन वर्षं माझी बिलं तूच उतरवलीस.

रागावून लिहीत नाहीये. मला तुझ्या त्या एका वाक्याचं नवल वाटलं. तू दुकानात होतास तेव्हा कुणी विडी पेटवली की उठून दारात जाऊन उभा राहायचास. बॉबिन आणायला पाठवलं तर पानपट्टीच्या पलीकडच्या बाजूनं जायचास. तोच तू हातात नळी धरून तोंडातून ढग सोडतोस आणि तुझ्या मनात कुठे साधं खट्टही होत नाही. मला वाटतं, हुक्क्याची खरी गोम इथे आहे. तंबाखू चालू केली, असं वाटूच न देता तो चालू होतो.

मी मावा, म्हणजे तंबाखू-सुपारी, चालू केला तेव्हा मला माहीत होतं मी काय करतोय. मागावर रात्रपाळी होती, पहाटे तीनला डोळे मिटायचे आणि शेजारच्या मागावरच्यानं तळहातावर मळून पुढं केला. "खा, झोप उडते." माझी समजूत तेवढीच, झोप उडते. सतरा वर्षं उडवली. तू मला कडक भाकरी फोडून, शेंगाचटणीच्या तेलात भिजवून खाताना बघितलंस आणि एकदा हसून विचारलंस, मामा, तुम्ही म्हाताऱ्यासारखं का खाता? तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. माझ्या तोंडात दोन जातात, तीही दाबून. डॉक्टरांनी सांगितलं, सुपारीनं आतली कातडी आखडली, आता जेवढं उघडतं तेवढंच. मावा सोडून बारा वर्षं झाली, तोंड काही परत उघडलं नाही.

पण हे सांगून तुला हुक्क्यापासून ओढता येणार नाही, हे मला कळतं. तू म्हणशील, मावा वेगळा, हुक्का वेगळा. तुमच्या सगळ्या समजुतींचं मूळ तेच, "हे वेगळं आहे." मावा रिक्षावाल्यांचा, विडी म्हाताऱ्यांची, सिगारेट बिघडलेल्यांची आणि हुक्का म्हणजे फक्त "बसणं".

तर आधी पाण्याचं बघू, कारण तू ते सगळ्यात ठामपणे बोललास.

परवा संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी एक उद्योग केला. मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणली. पाण्याची रिकामी बाटली घेतली, झाकणाला दोन भोकं पाडली, दोन नळ्या घातल्या आणि सांधे एम-सीलनं बंद केले. एक नळी पाण्यात बुडलेली, तिच्या बाहेरच्या टोकाला पेटलेली उदबत्ती. दुसरी पाण्याच्या वरच, तिला सिरिंज. दांडा मागं ओढला. बुडबुडे आले, गुडगुड झालं, (आपल्याकडे जुना शब्द गुडगुडी आहे तो उगाच नाही) आणि पाण्याच्या वरची मोकळी जागा पांढरी झाली. अजून ओढलं तशी सिरिंजही पांढरी. चहा घेऊन आलेला पोरगा बघत उभा होता. तो म्हणाला, "मामा, पाण्यानं तर काहीच अडवलं नाय की!"

कसं अडवणार? बुडबुडा म्हणजे धुराची पिशवी. पाणी लागतं ते पिशवीच्या कडेला, आतला धूर तसाच वर येतो आणि पिशवी फुटली की मोकळा होतो. मग मी प्रत्येक वेळी सिरिंजमधला धूर कापसाच्या एकाच बोळ्यावर सोडत गेलो. वीसेक वेळा. बोळा पिवळा पडला. पाण्यातून गाळून आलेल्या धुराचा बोळा तो.

पाणी काहीच करत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, खोटं होईल. ते दोन गोष्टी करतं आणि दोन्ही आपल्या मुळावर येतात. धूर गार करतं. सिगारेटचा पहिला झुरका घेणारा ठसकतो, डोळ्यांत पाणी येतं, घसा ओरडून सांगतो की हे आत नको. गार, ओलसर, सफरचंदाच्या वासाचा धूर घशाला कळतच नाही. राखणदार झोपलेला, माल थेट आत. दुसरं म्हणजे थोडं निकोटीन पाण्यात राहतं. हे ऐकून खूश होऊ नकोस. शरीराला हवं तेवढं मिळेपर्यंत माणूस ओढतच राहतो आणि त्या नादात बाकीचा सगळा कचरा जास्त आत घेतो.

आता सिरिंजचा हिशोब कर, तू इंजिनीअरिंगचा आहेस. सिगारेटचा एक झुरका साधारण चाळीस ते पंचाहत्तर मिली, म्हणजे माझी एक सिरिंज धर. असे आठ ते बारा झुरके, संपली सिगारेट, सगळा मिळून अर्धा लिटरच्या आसपास धूर. हुक्क्याचा एकच झुरका दीडशे मिलीपासून लिटरपर्यंत जातो. बैठक वीस मिनिटांपासून ऐंशी मिनिटांपर्यंत आणि झुरके पन्नास ते दोनशे. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ सालच्या टिपणातले आहेत. मधले धरून गुणाकार केला: अर्धा लिटर गुणिले शंभर, पन्नास लिटर. माझ्या हजार सिरिंजा, शंभर सिगारेटींएवढा धूर. आता लगेच "मामा म्हणतात एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटींचं विष" असं मित्रांना सांगत सुटू नकोस, हिशोब धुराच्या मापाचा आहे. आतल्या प्रत्येक विषाचं प्रमाण वेगवेगळं. तू म्हणशील, आम्ही एका नळीवर आठजण होतो. बरं, भाग दे आठनं. शिवाय तुम्ही बसला होता त्या बंद शेडमध्ये उरलेल्या सातजणांनी सोडलेला धूर मिळव.

आणि कोळसा! कोळशाबद्दल तुमच्यात कुणी बोलतच नाही, सगळे फ्लेवरबद्दल बोलतात. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे तू पेपरात वाचलं असशील. जिवावर येतो तो कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना वास ना रंग. रक्तात प्राणवायूची जी जागा, तिथे हा बसतो आणि प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट बसतो. चिलमीवरचा निखारा त्याच शेगडीचा, फक्त चिमट्यानं नीट मांडलेला. तू म्हणालास ना, "दोन झुरक्यांत मस्त हलकं वाटतं"? त्या हलकेपणात निकोटीन आहे आणि डोक्याला प्राणवायू कमी पडल्याची चक्करही आहे. परत येताना एकाला उलटी झाली असंही तूच सांगितलंस. तुम्ही सगळ्यांनी बिर्याणीला दोष दिलात.

म्हणूनच "हर्बल आहे, तंबाखू नाही" या पाटीचा मला राग येतो. समज, खरंच नाही तंबाखू. निखारा तर आहेच, आणि काहीही जाळलं की डांबर, म्हणजे टार, तयार होतं. डब्यावर "टार शून्य टक्के" छापतात, ते मी वाचलंय. खरंच आहे, डब्यात टार नसतोच, तो तापल्यावर तयार होतो. आगपेटीवर "राख शून्य टक्के" लिहिण्यातला प्रकार. आणि तंबाखूचा तो गोड चिकट लगदा मोलॅसिसमध्ये मुरवलेला असतो. मोलॅसिस म्हणजे आपल्या साखर कारखान्यातली मळी, जिचा टँकर पुढं गेला की तू गाडीवर नाकाला रुमाल लावतोस. त्यात ग्लिसरीन आणि वास घातला की तुम्ही त्याला डबल अ‍ॅपल म्हणता.

अम्माला तुझा फोटो दाखवला. रागावू नकोस, तिला तू आवडतोस म्हणून दाखवला. चष्मा पुसून बघितला आणि म्हणाली, "पोराला दमा झाला का रे? हे वाफ घ्यायचं मशीन ना?" मी हसलो, पण मग वाटलं, ही काही फार चुकली नाही. तुम्हालाही ती वाफच वाटते.

तिला सांगितलं, तंबाखू आहे. ती बराच वेळ गप्प बसली. तुला माहीत आहे, आमच्या घरात विडी कुणी ओढली नाही, पण घर विडीवर चाललं. सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या गल्लीचं तसंच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला भिजवून ठेवलेली तेंदूची पानं. कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. तिची बोटं आजही रिकामी बसली की तशी हलतात. हजार विड्या झाल्या की मजुरी, त्यातल्या वाईट म्हणून काढून टाकलेल्या तिच्या अंगावर. आम्ही भावंडं त्याच खोलीत झोपायचो आणि गादीलाही तंबाखूचा वास असायचा. तिचा खोकला विडी न ओढता लागलेला आहे.

तर ती म्हणाली, "कितीला रे हे?" मी सांगितलं, तू म्हणालास एका चिलमीला पाचशे घेतले. तिनं तोंडावर हात ठेवला. आणि मग जे बोलली ते तुला कळवायलाच हे पत्र लिहितोय असं समज: "विडी ओढणारा कोपऱ्यात तोंड करून ओढायचा रे. हे फोटो काढून ओढतात?"

बघ, यात सगळं आलं. विडीला कोपरा होता, म्हणून तिच्यापासून लांब राहणं सोपं होतं. हुक्क्याला कोपरा नाही. त्याला रंगीत काच आहे, गादी आहे, गाणी आहेत, वाढदिवस आहे. तुझ्या ग्रुपमधली ती मुलगी सिगारेट हातात धरायला दहादा विचार करेल, चारचौघं काय म्हणतील म्हणून. नळी मात्र सहज घेते. तिच्याबद्दल कुणी काही बोलणार नाही, कपड्यांना विडीचा वास येणार नाही. लाजेमुळे लोक व्यसनापासून लांब राहत असतील तर तुमच्या हुक्क्यानं ती लाजच काढून टाकली आहे. आणि वर कुणी तरी "राजेशाही शौक" म्हणतं, की झालंच.

राजेशाहीवरून एक गोष्ट. आपल्या शेजारच्या विजापूरची आहे, त्यामुळे थोडी लांबवतो. अकबराचा एक वकील, म्हणजे दूत, होता, असद बेग. आदिलशाहीत गेला होता, १६०४ च्या सुमाराला. तिथं त्यानं पहिल्यांदा तंबाखू बघितली. परत जाताना रत्नं जडवलेली सुंदर नळी आणि तंबाखू नजराणा म्हणून घेऊन गेला. बादशहानं दोनचार झुरके घेतले. हकीमानं अडवलं: ही अनोळखी वस्तू आहे, आमच्या ग्रंथांत हिच्याबद्दल काही नाही, देऊ नका. असद बेगचं उत्तर काय होतं माहीत आहे? फिरंगी लोक ओढतात, ते काय मूर्ख आहेत? बादशहानं काही ती सवय लावून घेतली नाही. पण असद बेगनं सोबत भरपूर आणली होती, ती सरदारांना वाटली. ज्यांना मिळाली नाही त्यांनी निरोप पाठवून मागवली, मग व्यापारी विकायला लागले. हे असद बेगनं स्वतःच लिहून ठेवलंय. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदी घातली, तोवर उशीर झाला होता.

चारशे वर्षांत काय बदललं सांग? नळी सुंदर आहे, मोठी माणसं ओढतात, त्याला मिळाली मग मला का नाही. तंबाखू कशी लागते हा प्रश्न त्या सरदारांपैकी कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

आता पुन्हा तुझा फोटो काढ आणि मोज. आठ जण आहेत. नळी तुझ्या हातात. एकजण तुझ्याकडं बघतोय, त्याचा नंबर पुढचा असावा. दोघं फोनमध्ये आहेत. ती मुलगी बटाट्याचे चिप्स खातेय. मागचा चष्मेवाला चक्क जांभई देतोय. आता खरं सांग, यातल्या कितीजणांना त्या संध्याकाळी हुक्का हवा होता? माझा अंदाज, एकाला. बाकीच्या सातजणांनी बाकीच्या सहाजणांकडं बघून हो म्हटलं. "आमच्या कॉलेजात सगळेच करतात" असं तू म्हणालास त्यातले "सगळे" हे असेच एकमेकांकडं बघत बसलेले असतात. तूही त्यांच्यासाठी "सगळे"च आहेस, हे कधी लक्षात आलं का?

कायद्याचं थोडक्यात. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला आग लागली, चौदा माणसं गेली, तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांचं नाव आलं. त्यानंतर २०१८ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले, चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. म्हणजे तुम्ही बसला होता ते शेड चोरून चालवलेलं होतं. तुला त्यात थोडी मजाही वाटली असणार, मागच्या दारानं आत जाण्यात. त्या वयात मलाही वाटली असती. पण धाड पडली की मालक मागच्याच दारानं जातो आणि पोरांची नावं पेपरात नाही तरी घरी कळतात. आणि तो पेनसारखा प्रकार कुणी पुढं केला, "हा तर इलेक्ट्रॉनिक आहे" म्हणून, तर २०१९ च्या केंद्राच्या कायद्यात ई-हुक्काही बंद आहे.

"शनिवारीच असतं मामा, सवय नाही." हे तू म्हणालेला नाहीस अजून, म्हणशील. म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. मला मावा हवाहवासा वाटायचा तो मागाचा आवाज सुरू झाला की. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत आठवायचासुद्धा नाही, त्यामुळे मी छाती ठोकून सांगायचो, मला सवय नाही. सवय माझ्यापाशी नव्हती, मागापाशी राहत होती. तुझी शनिवारपाशी, त्या आठजणांपाशी राहील. चार शनिवार त्यांच्याबरोबर नळीशिवाय बसून बघ. काहीच वाटलं नाही तर उत्तम. चिडचिड झाली, उठून जावंसं वाटलं, "आज काही मजा नाही" असं वाटलं, तर सवय कुठं राहते ते कळेल. तेव्हा १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत. किंवा मला कर. मी त्या फोनवरच्या माणसांइतका गोड बोलणार नाही एवढंच.

मित्र सोड असं मी म्हणत नाही. ती चांगली पोरं आहेत, एकजण माझ्याकडं मिक्सर दुरुस्तीला आला होता, पैसे घासाघीस न करता दिले. तिथं भाषणही देऊ नकोस. हा कागद तर मुळीच वाचून दाखवू नकोस. नळी आली की हातात घ्यायची नाही, तेवढंच. हातात घेऊन पुढं दिली तरी पुढच्या वेळी तोंडाशी जाते, हे मी माव्याच्या पुडीवरून सांगतो. "मला नको, तू घे" म्हण आणि लगेच दुसरं काही तरी विचार, मॅचचं, परीक्षेचं. कारण सांगायला लागलास की वाद होतो आणि वादात तू हरशील, तुला हसायला लवकर येतं. दोनदा नको म्हटलं की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. आणि बसायची जागा तू ठरव एखाद्या वेळी. तलावाकाठी बसा, सिद्धेश्वराच्या. संध्याकाळी तिथं वारा असतो, आणि त्या शेडमधल्या पाचशे रुपयांत आठजणांचं पोटभर खाणं होतं.

मोटरीच्या वाइंडिंगचं उदाहरण देणार होतो, इन्सुलेशन एका दिवसात जळत नाही वगैरे. राहू दे. दोन वर्षं तू तेच ऐकलंस.

बाटली आणि सिरिंज खालच्या खणात ठेवली आहे, बोळासुद्धा. रविवारी ये आणि स्वतः ओढून बघ, सिरिंजनं. येताना तुझ्या वडिलांच्या पंपाचा स्टार्टर आण, रिले अडकतोय म्हणत होते. त्यांना मी फोटोचं काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, ते तुझं तू बघ. अम्मानं मात्र सांगितलंय की पोरगा आला की आधी तिच्याकडं पाठव, त्याचा श्वास ऐकायचा आहे. तिच्याशी वाद घालू नकोस, कान लावू दे.

तुझा,
मामा